दखल आणि ओळख : ऑक्टोपस परस्परांना वासाने ओळखतात का?

प्रश्न : ऑक्टोपस आपला रंग आणि त्वचेचा पोत क्षणार्धात बदलतो. ज्या प्राण्याचे रूप घटकाभरही स्थिर राहत नाही, त्याला त्याचे जातभाई ओळखतात तरी कशावरून? ऑक्टोपस, स्क्विड आणि कटलफिश पाण्यात मिसळलेल्या रसायनांवरून, म्हणजे एका अर्थाने वासावरून, परस्परांना ओळखतात असे माझ्या वाचनात आले. हे कितपत खरे आहे?

उत्तर : ‘ओळखणे’ या एका क्रियापदात आपण बरेच काही कोंबतो. समोरचा प्राणी आपल्याच जातीचा आहे हे कळणे ही एक ओळख झाली. तो नर आहे की मादी हे कळणे ही दुसरी. आणि ‘काल ज्याच्याशी झटापट झाली तोच हा’ असे कळणे ही तिसरी. आपण वाचलेले विधान पहिल्या ओळखीपुरते बऱ्याच अंशी खरे आहे, दुसऱ्या ओळखीच्या बाबतीत जातीजातीनुसार खरे-खोटे ठरते, आणि तिसऱ्या ओळखीपर्यंत ते ताणले तर हाती असलेल्या पुराव्याच्या पुढे जाते. या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळेच या विषयावरील लोकप्रिय लेखनात गोंधळ दिसतो, असे माझे मत आहे.

ऑक्टोपस, स्क्विड, कटलफिश आणि नॉटिलस यांना प्राणिशास्त्रात शीर्षपाद म्हणतात, कारण त्यांच्या भुजा थेट डोक्यालाच फुटलेल्या असतात. या वर्गाचा अभ्यास प्रदीर्घ काळ डोळ्यांभोवती फिरत राहिला आणि ते स्वाभाविकही होते. नॉटिलस वगळता या सर्वांचे डोळे मोठे, भिंगयुक्त आणि आपल्या डोळ्यांशी चकित करणारे साम्य असलेले आहेत. मात्र बहुतेक जातींच्या डोळ्यांत एकच प्रकाशसंवेदी रंगद्रव्य असल्यामुळे, ज्या रंगांची ते उधळण करतात ते रंग त्यांना स्वतःला आपल्यासारखे दिसत नसावेत. ध्रुवित प्रकाशातील, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात अशा प्रकाशातील, फरक मात्र त्यांना कळतात. वासाचे इंद्रियही त्यांना आहे, पण ते दिसायला अगदीच नगण्य आहे : डोळ्यांच्या मागच्या-खालच्या बाजूला, श्वसनासाठी पाणी आत शिरते त्या वाटेजवळ, त्वचेत दोन लहान खळगे किंवा उंचवटे असतात. तेथील संवेदी पेशींचे तंतू मेंदूच्या एका स्वतंत्र खंडाकडे जातात. श्वासाबरोबर येणारे पाणी या इंद्रियाजवळून जात असल्याने प्राण्याला प्रत्येक श्वासागणिक परिसराचा वास मिळत राहतो.

याच श्वासाचा उपयोग संशोधकांनी मोजमापासाठी करून घेतला. टाकीत स्वस्थ बसलेला कटलफिश किंवा ऑक्टोपस मिनिटाला किती वेळा पाणी आत-बाहेर करतो हे मोजायचे. मग त्याच्या टाकीत, त्याला दिसणार नाही अशा बेताने, दुसऱ्या प्राण्याला ठेवलेले पाणी सोडायचे आणि पुन्हा मोजायचे. जीन बोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपीय कटलफिशवर असे प्रयोग केले, आणि २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या दोन ठिपक्यांच्या ऑक्टोपसवरील असेच काम प्रसिद्ध झाले. स्वजातीयाच्या पाण्याने श्वासाची लय बदलते, म्हणजेच तो प्राणी दिसला नाही तरी त्याचे अस्तित्व दुरून जाणवते, हे या कामातून स्पष्ट झाले.

तथापि येथे थोडे थांबायला हवे. दारावर थाप पडली की आपण कान टवकारतो. पण त्यावरून दाराबाहेर कोण आले आहे हे आपल्याला कळले असे ठरत नाही. श्वासाचा बदललेला वेग दखल घेतल्याचा पुरावा असतो, ओळख पटल्याचा नव्हे. म्हणून अधिक ठोस प्रयोगात प्राण्याला निवड करायला लावतात : पाण्याचा मार्ग पुढे दोन फाट्यांत विभागलेला असतो, एका फाट्यातून साधे समुद्रजल येते, दुसऱ्यातून वास मिसळलेले, आणि प्राणी कोणत्या बाजूला वळतो ते पाहतात. अशा दुफाट्यात प्रौढ कटलफिश स्वजातीयांच्या अंड्यांच्या वासाकडे आकर्षित होतात, हे २०१० मध्ये दाखवले गेले. जेथे अंडी तेथे जोडीदार मिळण्याची शक्यता अधिक, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो.

नर-मादीच्या ओळखीसाठी वासाचा सर्वांत निःसंदिग्ध उपयोग करणारा शीर्षपाद म्हणजे नॉटिलस. त्याच्या डोळ्याला भिंगच नाही. तो सूचिछिद्र कॅमेऱ्यासारखा आहे, आणि त्यातून अंधूक प्रतिमेपलीकडे काही मिळत नाही. तो प्रवाळभिंतींच्या उतारावर शेकडो मीटर खोल, जवळजवळ अंधारात वावरतो. डोळ्यांखाली असलेली गंधेंद्रियांची जोडी तात्पुरती झाकली, तर त्याला खाद्याच्या वासाचा माग काढता येत नाही, हे २०००च्या सुमारास दाखवले गेले. आणि दुफाट्यातील प्रयोगात नॉटिलसच्या माद्या नराच्या वासाकडे वळल्या. डोळा अधू असला की नाक तिखट व्हावे, यात नवल नाही. नवल आहे ते उलट बाजूचे, म्हणजे उत्तम डोळे असलेल्या शीर्षपादांनीही रसायनांचा मार्ग सोडलेला नाही याचे.

निळ्या कड्यांच्या विषारी ऑक्टोपसचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. या लहानशा ऑक्टोपसच्या एका जातीवरील, २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की नर समोर येणाऱ्या नरावर आणि मादीवर सारख्याच उत्साहाने झेप घेतो. दुरून पाहून किंवा दुरून वास घेऊन त्याला फरक कळत असल्याचे काहीच चिन्ह दिसले नाही. पण नराने आपली समागमाची विशेष भुजा पुढे केल्यानंतर चित्र पालटले : समोर नर असेल तर सुमारे अर्ध्या मिनिटात माघार, तीही शुक्राणूंची पुडी न देता, आणि मादी असेल तर मिलन दोन-अडीच तासही चालू राहिले. म्हणजे ओळख पटली ती स्पर्शाने. हा स्पर्श आपल्या बोटांच्या स्पर्शासारखा नसतो, कारण ऑक्टोपसची भुजा चवही घेते. त्याविषयी पुढे एका प्रश्नाच्या ओघात लिहिले आहे. त्याच प्रजातिगटातील दक्षिणेकडील दुसऱ्या जातीत मात्र पाण्यातील रसायनांचा आणि मादीच्या जोडीदार-निवडीचा संबंध २०१७ मध्ये आढळला. दोन जवळच्या जातींत, किंवा कदाचित नर आणि मादी यांतही, नियम वेगळे असू शकतात.

कटलफिशमध्ये नर-मादीची ओळख मुख्यतः नजरेचा मामला आहे. युरोपीय कटलफिशचा नर दुसरा कटलफिश दिसताच अंगावर ठळक काळे-पांढरे पट्टे उमटवतो. समोरच्यानेही तसेच पट्टे उमटवले तर तो नर, आणि न उमटवले तर ती मादी, असा त्याचा व्यवहार असतो. असा नियम फसवणुकीला आमंत्रण देतो, आणि ऑस्ट्रेलियातील महाकाय कटलफिशमध्ये तशी फसवणूक खरोखरच होते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील व्हायअला या गावाजवळच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात हे प्राणी प्रजननासाठी हजारोंच्या संख्येने जमतात. तेथील लहान चणीचे काही नर भुजा आखडून आणि मादीसारखी ठिगळ-ठिगळ नक्षी धारण करून, मादीवर पहारा देणाऱ्या बलदंड नराच्या बगलेतूनच तिच्यापर्यंत पोहोचतात. पहारेकरी त्यांना अडवत नाही. काही वेळा तर तो या सोंगाड्याशीच मिलनाचा प्रयत्न करतो. हे निरीक्षण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातील नाट्याची चर्चा अधिक झाली. मला मात्र त्यात वासाविषयीचा एक अप्रत्यक्ष पुरावा दिसतो : हातभर अंतरावरून नराचा वास खात्रीने कळत असता, तर हे सोंग क्षणभरही टिकले नसते. निदान त्या गर्दीत तरी डोळ्यांचा शब्द अखेरचा असतो.

आता स्क्विडकडे वळू, कारण रासायनिक खुणेचा सर्वांत काटेकोर उलगडा तेथे झाला आहे. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील लांब परांचा स्क्विड समुद्रतळावर अंड्यांच्या लांबट पिशव्यांचे सामाईक झुबके लावतो. नर हे झुबके पाहून जवळ येतो आणि भुजांनी त्यांना स्पर्श करतो. त्यानंतर काही क्षणांतच, आतापर्यंत शांत असलेला तो नर शेजारच्या नरांवर तुटून पडतो. अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेशी निगडित संशोधकांनी या वर्तनामागील पदार्थ वेगळा केला आणि २०११ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो मादीच्या प्रजनन ग्रंथींत तयार होऊन पिशवीच्या बाह्य आवरणात राहणारा एक प्रथिन-रेणू निघाला, आणि तो ज्या प्रथिन-कुलातला आहे त्या कुलातील प्रथिने मानवासह अनेक पृष्ठवंशी प्राण्यांच्या वीर्यातही असतात. केवळ हे प्रथिन लावलेल्या काचेच्या पात्राला स्पर्श झाला तरी नर लढायला उठतात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की नराला जवळ आणते ते दृश्य, आणि लढायला लावते ते रसायन. शिवाय हे रसायन ‘समोर अमुक प्राणी आहे’ असे सांगत नाही. ते ‘येथे प्रजनन चालू आहे’ एवढेच सांगते. ही खूण परिस्थितीची आहे, व्यक्तीची नव्हे.

राहता राहिली तिसरी ओळख, म्हणजे विशिष्ट व्यक्तीची. ती वासाने पटते हे सिद्ध करायला काय लागते, हे अमेरिकन लॉबस्टरच्या उदाहरणावरून समजते. लढाईत हरलेला लॉबस्टर त्याच विजेत्याशी पुन्हा गाठ पडली तर लढणे टाळतो, मात्र अनोळखी लॉबस्टरशी तो पुन्हा भिडतो. ही आठवण त्याला आठवडाभरापर्यंत राहते. आणि मूत्र पाण्यात मिसळू दिले नाही तर ही ओळख नाहीशी होते. तीन कड्या जुळल्या तेव्हा ओळख वासाने होते असे म्हणता आले. शीर्षपादांत अशी पूर्ण साखळी अद्याप जुळलेली नाही. नेपल्समधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की सामान्य ऑक्टोपस शेजाऱ्याला ओळखतो : पारदर्शक भिंतीतून तीन दिवस एकमेकांना पाहिलेले ऑक्टोपस नंतर एकत्र आणले असता अनोळखी जोड्यांपेक्षा परस्परांना कमी स्पर्श करतात आणि भिडायला अधिक वेळ घेतात. पण तो परिचय झाला होता पाहून. सिॲटलच्या मत्स्यालयातील महाकाय ऑक्टोपस, सारखाच गणवेश घातलेल्या दोन माणसांपैकी खाऊ देणारा कोण आणि काठीने टोचणारा कोण हे दोन आठवड्यांत ओळखू लागले, तेही बहुधा पाण्यातून वर पाहूनच. तेव्हा रूप बदलणाऱ्या प्राण्याला रूपावरून ओळखता येणार नाही, हे आपल्या प्रश्नामागील गृहीतक तितकेसे पक्के नाही. रंग बदलला तरी आकारमान, चाल, तुटलेल्या भुजेची खूण आणि बसण्याची जागा बदलत नाही.

गरजेचाही विचार करायला हवा. बहुतेक शीर्षपाद वर्ष-दोन वर्षे जगतात, पिलांचे संगोपन करत नाहीत आणि एकदाच प्रजनन करून मरतात. व्यक्तिगत नाती जपण्याचे कारणच ज्यांच्या आयुष्यात क्वचित येते, त्यांच्यात व्यक्तिगत गंधाची भाषा विकसित झालेली नसली तर आश्चर्य मानू नये.

प्रश्न : संकटात सापडलेला स्क्विड शाई सोडतो. ही शाई शत्रूला चकवण्यासाठी असते हे समजले, पण तिच्या वासाने आसपासचे स्क्विड सावध होतात का?

उत्तर : शाई हा केवळ काळा रंग नव्हे. तिच्यात मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याखेरीज चिकट श्लेष्म, अमिनो आम्ले, डोपामाइन आणि ते ज्यापासून बनते तो एल-डोपा हे पदार्थ असतात. कॅलिफोर्नियातील स्क्विडच्या गंधेंद्रियावर शाई किंवा नुसता एल-डोपा सोडला तरी तो पाण्याचा झोत मारून निसटण्याची हालचाल करतो, हे १९९०च्या दशकात दिसून आले. म्हणजे शाईचा वास त्याला कळतो आणि तो त्याला धोक्याशी जोडतो. मात्र कॅरिबियन प्रवाळभिंतींवरील स्क्विडच्या निरीक्षणांत, सोबत्याने सोडलेल्या शाईमुळे इतर सावध झाले तेव्हा शाईचा ढग दिसण्याचा वाटा मोठा निघाला. याला मी ओळख म्हणणार नाही. शाई संदेश म्हणून सोडलेली नसते. इतरांनी तिच्यावरून बोध घेतला, इतकेच. जीवशास्त्रात संकेत आणि खूण यांत हाच भेद करतात : संकेत हा देण्यासाठी दिलेला असतो, तर खूण आपोआप मागे राहते आणि ज्याला वाचता येते तो ती वाचतो.

प्रश्न : ऑक्टोपसला आठ भुजा आणि त्यांवर शेकडो चूषक असतात. हे चूषक जे हाती लागेल त्याला चिकटतात, तर मग ते त्याच्या स्वतःच्याच अंगाला का चिकटत नाहीत? आपली भुजा कोणती हे त्याच्या मेंदूला सतत ठाऊक असते का?

उत्तर : हा प्रश्न वरवर वेगळा वाटला तरी पहिल्या प्रश्नाचाच एक धागा आहे, म्हणून तो याच अंकात घेतला.

ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश भुजांमध्ये असतात. भुजा पुष्कळसे निर्णय स्वतःच घेतात. आठही भुजा या क्षणी कोठे आणि कशा वळलेल्या आहेत याचा तपशीलवार हिशेब मध्यवर्ती मेंदू ठेवत असावा असे दिसत नाही. आपल्या सांध्यांची संख्या मोजकी असल्याने आपला मेंदू हातापायांची स्थिती नोंदवू शकतो, परंतु हाडच नसलेली भुजा कोठेही वाकू शकते आणि तिच्या संभाव्य स्थितींना अंत नाही. तेव्हा गुंता टाळण्याचा उपाय मेंदूत नसून भुजेतच असणार, असा तर्क होता.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये त्याचा पडताळा प्रसिद्ध केला. ऑक्टोपसची भुजा धडावेगळी केल्यावरही सुमारे तासभर क्रियाशील राहते आणि तिचे चूषक वस्तू पकडत राहतात. (ऑक्टोपसच्या भुजा निसर्गातही तुटतात आणि पुन्हा वाढतात.) अशा भुजांच्या चूषकांनी काचेची बशी पकडली, कातडी सोललेली भुजा पकडली, पण कातडी शाबूत असलेल्या भुजेला ते चिकटले नाहीत. कातडीचा अर्क मिसळलेल्या जेलचा थर बशीवर दिला, तेव्हा चूषकांची पकड लक्षणीयरीत्या सैल झाली. यावरून उघड झाले की ऑक्टोपसच्या त्वचेतच ‘धरू नको’ असे सांगणारे काही रसायन असते आणि चूषक ते मेंदूला न विचारता वाचतो.

चूषक हे वाचतो कसे, याचा रेणवीय उलगडा हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये केला. प्रत्येक चूषकाच्या कडेवर स्पर्श जाणणाऱ्या पेशींच्या जोडीने रसायने जाणणाऱ्या पेशी असतात. त्यांतील ग्राही रेणू हे चेता आणि स्नायू यांच्यातील निरोपाची देवाणघेवाण करणाऱ्या ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींपासून उत्क्रांत झालेले आहेत. म्हणजे जुन्या कुलपालाच नवी किल्ली बसवली गेली. हे ग्राही विशेषतः पाण्यात सहजी न विरघळणाऱ्या रेणूंना प्रतिसाद देतात. पाण्यात न विरघळणारा रेणू दूरवर पसरत नाही, तो पृष्ठभागालाच चिकटून राहतो, आणि म्हणून त्याला हात लावल्याशिवाय तो कळत नाही. निळ्या कड्यांच्या ऑक्टोपसला नर-मादीतील फरक स्पर्शानंतरच का उमगतो, याचे कारण या स्पर्शचवीत असावे असे मला वाटते. त्याच प्रयोगशाळेने २०२५ मध्ये असेही दाखवले की कुजणाऱ्या खेकड्याच्या कवचावरील आणि ऑक्टोपस मादीने टाकून दिलेल्या अंड्यांवरील सूक्ष्मजंतू जे रेणू तयार करतात, ते या ग्राहींना जागे करतात. अंडी उबवणारी मादी चूषकांनी अंडी सतत चाचपत असते. ते नुसते कुरवाळणे नसून तपासणीही असते.

जेरुसलेमच्या प्रयोगाचा उत्तरार्ध मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो. जिवंत ऑक्टोपसांना तुटलेल्या भुजा देण्यात आल्या, काहींना स्वतःच्या, तर काहींना दुसऱ्याच्या. ऑक्टोपस स्वजातीयालाही खातात, त्यामुळे परकी भुजा बहुतेकांनी चूषकांनी पकडून खाद्यासारखी हाताळली. स्वतःची भुजा मात्र त्यांनी तुलनेने क्वचितच तशी पकडली. तिला भुजांनी नुसते चाचपले गेले, किंवा ती चोचीत धरली गेली आणि उरलेला भाग शेवईसारखा लोंबत राहिला, जणू चूषकांना ती धरायची मुभाच नव्हती. तुटलेल्या भुजेच्या चूषकाला आपला-परका हा फरक करता आला नाही, त्याने सर्वच त्वचा टाळली. पण संपूर्ण प्राण्याला तो करता आला. म्हणजे त्वचेतील रसायनाची बातमी वर मेंदूपर्यंत जाते आणि तेथे भूक किंवा धोका पाहून चूषकाचा नकार मोडीतही काढता येतो. पहिल्या प्रश्नात ज्या तिसऱ्या ओळखीचा उल्लेख केला, तिच्या सर्वांत जवळ जाणारा रासायनिक पुरावा माझ्या मते हाच आहे, आणि तो स्वजातीयाच्या ओळखीचा नसून स्वतःच्या ओळखीचा आहे.